आधी ऊन मोजा, मग बी आणा
(वाचकांचे प्रश्न : गॅलरीतली भाजी)

दसरा झाला आणि पत्रांचा गठ्ठा वाढला. उकाडा अजून तसाच आहे, पण मंडईत वालपापडीची पहिली टोपली दिसली की मुंबईकराचे हात शिवशिवतात, आपल्याही कुंडीत काहीतरी पेरावंसं वाटतं. बहुतेकांनी विचारलंय, "या हिवाळ्यात काय लावू?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. तुमच्याकडे ऊन कुठे पडतं आणि किती वेळ टिकतं, हे आधी सांगा. माझं माहेर वसईचं, वाडीतलं. तिथे वाफा कुठेही आखला तरी डोक्यावर आभाळ मोकळं असायचं. बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर आल्यावर कळलं की मुंबईत माती विकत मिळते, पाणी नळाला येतं, ऊन तेवढं बिल्डर देईल तेवढंच.

वाचकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. निम्म्या पत्रांत शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत.

ताई, नवव्या मजल्यावर आमची दक्षिणेची गॅलरी आहे, दहा फूट बाय चार. पावसाळ्यात तिथे ऊन येत नाही, म्हणून नर्सरीवाल्याने मनी प्लांट आणि शोभेची झाडं दिली. इथे भाजी होईल का? झाली तर काय आणि कधी लावायचं?
— एक वाचक, गोरेगाव

होईल. नर्सरीवाला तुमच्याकडे जून महिन्यात आला असणार, म्हणून त्याला गॅलरी अंधारी वाटली.

आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. जूनमध्ये दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर, खरं तर किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या स्लॅबची सावली पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. तेव्हा ऊन कठड्यावरून आत शिरतं आणि सात-आठ फुटांपर्यंत पोचतं, म्हणजे गॅलरी ओलांडून दिवाणखान्यात. ज्यांचा सोफा जानेवारीत फिका पडतो, त्यांनी भाजी लावायला हरकत नाही.

एका रविवारी घरी थांबा. सकाळी आठपासून दर दोन तासांनी फरशीवर खडूने उन्हाची कड आखा आणि शेजारी वेळ लिहा. आत्ता ऑक्टोबरात कड जिथे आहे तिथून डिसेंबरात ती आणखी आत सरकेल, हे लक्षात ठेवा. समोर, म्हणजे दक्षिणेला, इमारत असेल तर तिची सावलीही बघा. डिसेंबरात भर दुपारी इमारतीची सावली तिच्या उंचीच्या जवळपास तेवढीच लांब पडते. सत्तर फुटी इमारत साठ फुटांवर उभी असेल तर खालच्या मजल्यांना दुपारचं ऊन विसरावं लागतं. नवव्या मजल्यावर तुम्ही बहुधा सुटलात.

आता हिशोब. थेट ऊन सहा तास असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, वाल. चार-पाच तास असेल तर मुळा, गाजर, बीट, नवलकोल. तीन-चार तासांत पालक, मेथी, लाल माठ, शेपू, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर पुढचं गिरगावचं उत्तर वाचा.

मांडणीत एक गोष्ट बहुतेकांची चुकते. उंच झाडं कठड्याला लावून ठेवतात आणि मागच्या कुंड्या अंधारात जातात. तुमच्याकडे ऊन कठड्याकडून येतं, म्हणून टोमॅटो आणि वाल मागे, भिंतीशी. मेथी-पालकाचे क्रेट पुढे. पण कठडा जाळीचा नसून भरीव असेल, तर तीन फुटी कठड्याची सावली डिसेंबरात दुपारीही पावणेतीन फूट आत पडते. मग पुढचे क्रेट जमिनीवर ठेवून उपयोग नाही, स्टुलावर किंवा विटांवर चढवा. बाहेरच्या ग्रिलवर मात्र वजन टाकू नका. खालून माणसं जातात.

दहा बाय चारमध्ये चालायला दोन फूट सोडले तर एवढंच मावतं: बारा इंची चार ग्रो बॅग (दोन टोमॅटो, एक वांगं, एक मिरची), पालेभाजीला दोन उथळ क्रेट आणि मुळा-गाजराला एक खोल डबा. वाण्याकडचा तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा त्याला उत्तम, तळाला भोकं पाडून. भाजीवाल्याचे जाळीचे क्रेट घेतलेत तर आतून जुनी सुती साडी लावा, माती गळत नाही आणि मुळांना हवा मिळते.

टोमॅटो-वांग्या-मिरचीचं बी आत्ता पेरत बसू नका. रोप तयार व्हायलाच महिना जातो आणि आपला हिवाळा तेवढा लांब नाही. नर्सरीतून रोपं आणा आणि महिनाअखेरीपर्यंत लावा. पालेभाजी मात्र बियांपासूनच, आणि एकदम नाही. अर्धा क्रेट आज, अर्धा दहा-बारा दिवसांनी, असं जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारी संपत आला की ऊन कठड्याकडे मागे सरकू लागतं आणि होळीनंतर गॅलरी पुन्हा सावलीत जायला लागते. तेव्हा मनी प्लांट परत आणा, तो बिचारा तोवर जिन्यात राहील.

माती: नर्सरीत मिळणारी लाल माती एकटी वापरली की दोन पाण्यांत दगड होते. एक भाग लाल माती, एक भाग खत (गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट), एक भाग हलकं काहीतरी. ते हलकं म्हणजे कोकोपीट, पण ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात बरेचदा खारटपणा असतो. किंवा उसाची चिपाडं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाडांवर गच्चीतली भाजी पिकवून ही पद्धत लोकांना दाखवली. रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो, उलट उपकार मानतो. आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवून गोडवा काढून टाका, नाहीतर मुंग्यांची वसाहत होईल. मग वाळवून बारीक तोडा. चिपाडं कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात, म्हणून त्यांच्याबरोबर शेणखत किंवा पेंड जरा सढळ हाताने घाला.

आमची चाळीतली खोली उत्तरेची. उजेड भरपूर, पण ऊन नाही. काहीच होणार नाही का?
— एक वाचक, गिरगाव

टोमॅटो होणार नाही, हे आधीच सांगते. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, उत्तरेच्या भिंतीला तो दिसतच नाही. कितीही खत घातलं तरी त्याची भरपाई होत नाही.

पण समुद्रमेथी करा. मंडईत बोटभर उंचीच्या मेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात ना, मुळांसकट, वाळू लागलेल्या, तीच. ती किनाऱ्याच्या वाळूच्या वाफ्यांत दाट पेरतात आणि दोन पानांवरच उपटतात. एवढ्या वाढीला बियांतलीच शिदोरी पुरते, म्हणून उन्हाचं फारसं अडत नाही. उथळ ट्रे घ्या, त्यात तीन बोटं धुतलेली रेती घाला. चौपाटीवरची वाळू आणू नका, ती खारट असते. डब्यातली मेथी रात्रभर भिजवून दाण्याला दाणा लागेल इतकी दाट पसरा, वर रेतीचा पातळ थर, आणि पाणी हाताने शिंपडा. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाका. दहा-बारा दिवसांत भाजी. एका ट्रेमध्ये एका माणसाची होते, त्यात मूगडाळ घातली तर दोघांची.

याशिवाय लसणाची पात. मोड आलेल्या पाकळ्या टोक वर करून खोचा आणि पात पाच-सहा इंच झाली की कापा, पुन्हा येते. पुदिना उजेडावर तग धरतो, फक्त हिवाळ्यात जरा आळसावतो. आणि विड्याच्या पानांचा वेल लावा. आमच्या वसईला पानवेली सावलीतच जोपासायचे. भाजी नव्हे, पण चाळीत देवाला आणि जेवणानंतर दोन्हीकडे लागतो. सामायिक गॅलरीत कुंड्या एकाच बाजूला, ये-जा मोकळी राहील अशा ठेवा. चाळीत झाडापेक्षा शेजार महत्त्वाचा.

सोसायटीच्या गच्चीवर वाफे करायचे आम्ही पाच जणांनी ठरवलं. सेक्रेटरी म्हणतात, स्लॅबला भार होईल आणि गळती लागेल. तुम्ही त्यांना समजावून सांगाल का?
— एक वाचक, मुलुंड

नाही. सेक्रेटरींचं बरोबर आहे.

फूटभर जाडीचा ओल्या मातीचा वाफा म्हणजे दर चौरस मीटरला अर्धा टन. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वरचा भार धरतात. वर वॉटरप्रूफिंगवर सतत ओल राहिली की खालच्या घराच्या छताला पोपडे येणार, आणि त्या घरातलं माणूस तुमची भाजी कधीच घेणार नाही. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावीच लागते. तो अहवाल सोसायटीकडे असेल तर तो घेऊन आधी इंजिनीअरला विचारा.

याचा अर्थ गच्ची सोडून द्या असा नाही. मुंबई बंदराच्या, तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यावर बाग सुरू केली, आणि ती पुढे अनेकांना वाट दाखवणारी ठरली. तुम्हीही मातीचे वाफे न करता क्रेट आणि बॅगा वापरा. लाल मातीने भरलेली २० लिटरची बादली ओली झाली की ३० किलोच्या पुढे जाते. तिच्यात निम्म्याहून जास्त वाळलेला पाला आणि चिपाडं असतील तर बरीच हलकी होते. पर्जन्यवृक्षाचा आणि देशी बदामाचा पाला गोळा करून ठेवा, बदाम तर हिवाळ्यातच लालबुंद होऊन झडतो. क्रेट बीमवर आणि कठड्यालगत, विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालची फरशी वाळत राहील. आठ इंच खोली पालेभाजीला पुरते. सुरुवात दहा क्रेटनी करा आणि पहिली पालकाची जुडी सेक्रेटरींच्या घरी पोचती करा.

ताई, सुनेची पहिली संक्रांत आहे. भोगीची भाजी घरच्या कुंड्यांतली व्हावी अशी इच्छा आहे. पूर्वेची मोठी गच्चीवजा गॅलरी आहे, दुपारी एकपर्यंत ऊन असतं. जमेल?
— एक सासूबाई, दादर

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. प्रश्नाला तारीख आहे ना, म्हणून.

भोगी १३ जानेवारीची. आज १५ ऑक्टोबर धरला तर हातात ९० दिवस आहेत. उलटं मोजत या.

गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणजे गाजर या आठवड्यात पेरायलाच हवं. बी थेट डब्यात टाका. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की मूळ दुभंगतं. डबा फूटभर खोल आणि माती इतकी भुसभुशीत की बोट सहज आत जाईल. लाल जातीचं बी मागा, 'पुसा रुधिरा' मिळालं तर छानच, ते उकाडा सोसतं. केशरी युरोपीय जातींना याहून जास्त थंडी हवी. गाजरं बोटाएवढी मिळतील. भोगीच्या भाजीला तेवढी बास.

हरभराही याच आठवड्यात. वाण्याकडचा न भाजलेला देशी हरभरा चालतो. महिन्याने शेंडे खुडा, त्याने फुटवे वाढतात, आणि खुडलेल्या पाल्याची लसूण घालून भाजी करा. घाटे भोगीपर्यंत भरतील. क्रेटभर झाडांतून वाटीभर सोलाणे निघाले तर नशीब, पण ती वाटी सुनेसमोर सोलायची असते, विकायची नसते. हरभऱ्याला पाणी कमी द्या, लाड केले की नुसता पाला माजतो.

वांग्याची रोपं नर्सरीतून आणून महिनाअखेरीच्या आत लावा. साठ-सत्तर दिवसांत वांगी धरतात, म्हणजे डिसेंबरअखेर पहिली तोड. तीन झाडं पुरेत.

वाल-पावट्याची गंमत वेगळी आहे. जुने वेलवाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत, उन्हाळ्यात पेरले तरी थंडीची वाट बघत बसतात. आपल्या डिसेंबराचा दिवस अकरा तासांचा, तो त्यांना मानवतो. जागा कमी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण भूषण' ही झुडपी जात बघा, तिला मांडव लागत नाही. दिवाळीच्या आसपास पेरला तरी भोगीला शेंगा मिळतील. पूर्वेला दुपारी एकपर्यंतचं ऊन वालाला आणि वांग्याला चालून जातं.

कांद्याची पात सगळ्यात सोपी. मोड आलेले कांदे डिसेंबरच्या मध्यावर कुंडीत टेकवा. तीळ, शेंगदाणे आणि बाजरी वाण्याकडूनच आणा. आणि बोरं, ऊस कुंडीत होतील का असं पुढच्या पत्रात विचारू नका.

पुण्याच्या बहिणीकडे फ्लॉवर आणि वाटाणा दोन्ही होतात. माझ्याकडे फ्लॉवरला नुसती पानं आली. वाटाणा फुलला आणि गळला. जात चुकली की काळजी कमी पडली?
— एक वाचक, चेंबूर

गाव चुकलं. मुंबईची थंडी म्हणजे सांताक्रूझला जानेवारीत सरासरी किमान १६-१७ अंश, कुलाब्याला त्याहून दोन-तीन अंश जास्त, आणि दुपारी दोन्हीकडे तिशी ओलांडलेली. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती, पण त्या एका रात्रीच्या भरवशावर वाटाणा कोण लावणार? वाटाण्याला १३ ते १८ अंश आवडतात, तिशीत त्याची फुलं गळतात. त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करा, शेंगांची आशा ठेवू नका.

फ्लॉवरच्या उशिराच्या जातींना गड्डा धरायला १०-१६ अंश लागतात. लवकर येणाऱ्या जाती, उदाहरणार्थ 'पुसा दीपाली', विशीच्या वरही गड्डा धरतात. हौसच असेल तर त्या लावा, एका झाडाला एक लहान गड्डा, बस्स. मी त्या जागी नवलकोल लावते. रोप लावल्यापासून दोन महिन्यांच्या आत गड्डा तयार होतो आणि पाल्याचीही भाजी होते. मुळ्यात 'पुसा चेतकी' घ्या, ती उकाड्यालाही दाद देत नाही.

टोमॅटोला भरपूर फुलं येतात आणि देठासकट गळतात. नवव्या-दहाव्या मजल्यावर मधमाश्या नाहीत म्हणून असेल का?
— एक वाचक, चारकोप

मधमाश्यांवर ठपका नको. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हलवणारं कोणीतरी लागतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागे टिचकी मारा. आत्ता फुलं गळतात ती रात्रीच्या उष्म्याने. रात्र २१-२२ अंशांच्या खाली उतरू लागली की फळ धरेल, म्हणजे मुंबईत साधारण डिसेंबरापासून. तोवर नत्राचं खत बंद ठेवा. फळाच्या बुडाला काळा डाग पडला तर तो रोग नव्हे. पाणी कधी फार, कधी अजिबात नाही, असं झालं की झाडाला कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकलीत तरी ती विरघळायला हंगाम जातो. पाणी रोज सकाळी, ठरलेल्या वेळी.

मेथी उगवली की कबुतरं फस्त करतात. पांढरा मावाही पडलाय. उपाय?
— एक वाचक, कुर्ला

कबुतरांना जाळी. चकाकणाऱ्या सीडी, बाहुलं, काळी पिशवी यांना मुंबईचं कबुतर चार दिवसांत ओळखतं. अख्ख्या गॅलरीला नको असेल तर क्रेटवर तारेची कमान करून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ओढा. रोप चार पानांचं झालं की काढलात तरी चालेल.

पांढरा, कापसासारखा आणि देठाच्या बेचक्यात असेल तर तो मावा नाही, पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात खरवडून काढा. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण ढवळून, ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारा. आठवड्याने पुन्हा. मेथीवर फवारलंत तर ती भाजी लगेच खुडू नका, कडू लागेल.

कोथिंबीर उगवतच नाही.
— एक वाचक, परळ

धणे अख्खे पेरताय. पोळपाटावर लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर माती उकरून बघू नका. आणि धणे नवे घ्या; डब्यातले गेल्या वर्षीचे आमटीत घाला.